गावचौकाचं काम काढताय? गट्टू लावण्याआधीचा क्रम

नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून फोन येतो. "सर, चौकाचं सौंदर्यीकरण करायचं आहे, डिझाइन द्या." काय ठरलंय म्हणून विचारलं, की गट्टू (सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी), कमान, हायमास्ट (उंच खांबावरचे प्रखर दिवे) आणि जमलं तर कारंजं. निधी आलेला असतो, एस्टिमेट तयार असतं आणि पैसे मार्चच्या आत संपवायचे असतात. सगळ्यात शेवटी करायची कामं आधीच ठरलेली, आणि आधी करायच्या कामांना कुणी हातही लावलेला नाही.

हा लेख त्या आधीच्या कामांचा आहे. सरपंच, सदस्य, नगरसेवक, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावात धडपडणारी पोरं यांनी वाचावा. गावमध्य म्हणजे इथे देऊळ, त्यापुढचा पार, जुनी चावडी, गुजरी किंवा आठवडी बाजाराची जागा, पोळा भरतो ते मैदान आणि त्यांना जोडणाऱ्या दोन-चार गल्ल्या. उमरेड, काटोल, रामटेक अशा ठिकाणी हे सगळं दोन-तीन जागी विखुरलेलं असतं, लहान गावात एका हाकेच्या अंतरात.

माझा अनुभव असा, की गावमध्याचं रूप मापांमध्ये असतं. ओटा किती उंच, गल्ली किती रुंद, वळचण कुठे येते, पाराभोवती किती जागा मोकळी. ही मापं बिघडली की वर बांधलेली कमान फक्त फोटोपुरती उरते. म्हणून खाली मोजमापावर इतका भर आहे.

## टप्पा १ : कागद गोळा करा

चौकात टेप घेऊन उतरण्याआधी पंधरा दिवस कागदांना द्या. लागणारे कागद असे:

१. गावठाणाचा नकाशा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आपल्याकडे पटवारी अजूनही "आबादी" म्हणतात, तीच ही.

२. चौकाभोवतीच्या घरांच्या मिळकत पत्रिका. दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या बऱ्याच गावांत पूर्वी गावठाण भूमापनच झालेलं नव्हतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर तो नकाशा मागा.

३. ग्रामपंचायतीचा नमुना ८. यात कर आकारणीसाठी घराचं क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार असतो. माती-विटांची, कवेलूची (मातीच्या कौलांची) घरं किती, हे इथूनच लवकर कळतं.

४. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. पुण्या-मुंबईचे सल्लागार हे हमखास विसरतात, कारण त्यांच्याकडे ते नसतंच. जुन्या मध्य प्रांताचा हा वारसा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये टिकून आहे. गुरं कुठे उभी राहतात, पाण्यावर कुठून जायचं, कोणत्या वाटेवर कुणाचा वहिवाटीचा हक्क, हे त्यात नोंदलेलं असतं. आज ज्याला आपण "पडीक जागा" म्हणतो ती अनेकदा गावाची आखर, म्हणजे गुरं जमा करायची जागा, निघते.

५. लागू असलेला मंजूर आराखडा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पाचव्या कागदासाठी आधी आपलं गाव कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. सावनेर, कळमेश्वर, मोहपा, खापा, नरखेडसारख्या नगर परिषदा आणि मौदा, कुही, पारशिवनीसारख्या नगर पंचायतींना स्वतःची विकास योजना असते किंवा होऊ घातलेली असते. ग्रामपंचायत असेल तर गाव नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे की बाहेर, ते तपासा. प्राधिकरण २०१७ ला आलं आणि २०१८ ला मंजूर झालेल्या त्याच्या आराखड्यात ७१९ गावं होती. हद्दी बदलत असतात, म्हणून शेजारच्या सरपंचानं सांगितलं यावर जाऊ नका. बांधकाम परवानगी कोण देतं हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर फायलीला लावा.

तपासा : गावाजवळ केंद्राचं संरक्षित स्मारक आहे का? असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. मनसर, नगरधन, रामटेक पट्ट्यातल्या गावांनी केंद्राकडे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, दोन्हीकडे विचारावं. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत.

## टप्पा २ : मोजा, आणि वेगवेगळ्या वेळी मोजा

एका दुपारी जाऊन पाहणी उरकणं ही पहिली मोठी चूक. चौक चार वेळा बघायचा असतो. बाजाराच्या दिवशी सकाळी, साध्या दिवशी दिवेलागणीला, मे महिन्यात दुपारी दोनला पारा ४५ च्या घरात असताना, आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन. मे महिन्यातल्या फेरीत सावली कुठे आहे ते कळतं. पावसातल्या फेरीत पाणी कुठे थांबतं ते कळतं. जमलं तर पाचवी फेरी पोळ्याच्या दिवशी करा. तोरण कुठे बांधतात, बैलांची रांग कुठपर्यंत जाते, झडत्या (पोळ्याची पारंपरिक कवनं) म्हणणारे कुठे उभे राहतात, बाया कोणत्या ओट्यांवरून बघतात, हे कोणत्याच नकाशावर नसतं.

मग टेप. चार माणसं दोन दिवसांत एवढं मोजू शकतात:

- दर १० मीटरवर गल्लीची रुंदी, भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि ओट्यापासून ओट्यापर्यंत, अशी दोन्ही.
- प्रत्येक घराच्या ओट्याची उंची आणि रुंदी, छपरीची खोली, वळचणीची जमिनीपासून उंची.
- प्रत्येक दाराचा उंबरठा आणि समोरचा रस्ता यांच्या पातळीतला फरक.
- झाडांच्या बुंध्याचा घेर आणि सावलीचा पसारा.
- नळ, विहीर, हातपंप, गटाराची तोंडं, विजेचे खांब.

तिसऱ्या मापाला यंत्र लागत नाही. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, १५ मीटर लांबीची. देवळाच्या जोत्यावर एक कायमची खूण करा आणि तिथून एकेक उंबरठा मोजत चौकाला पूर्ण वेढा घालून परत त्याच खुणेवर या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं. परत आल्यावर एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर सगळं पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे, पण पुढचा पाचवा टप्पा पूर्णपणे याच आकड्यांवर उभा आहे.

रुंदी आणि उंची शेजारी शेजारी लिहून बघा. १८ मीटर रुंद चौकाभोवती साडेचार मीटरची कवेलूची घरं असली तर वर आभाळ मोठं दिसतं. तीन मीटरच्या गल्लीत चार मीटरच्या भिंती असल्या तर ऐन दुपार सोडून दिवसभर एका बाजूला सावली असते. त्याच चौकात एक तीन मजली दुकानगाळा आला की बाकीची घरं बुटकी, जुनाट दिसायला लागतात आणि शेजाऱ्याच्या मनात येतं, आपणही पाडावं. गावमध्य मोडायला सुरुवात होते ती पहिल्या उंच इमारतीपासून, दहाव्यापासून नाही.

## टप्पा ३ : काय राखायचं ते ठरवा, पण मालकाशी बोलून

यादी तीन भागांत करा. हात लावायचा नाही असं, दुरुस्त करून वापरायचं असं, आणि बदललं तरी चालेल असं. बहुतेक गावं पहिल्या भागात देऊळ आणि मालगुजाराचा वाडा लिहून मोकळी होतात. मला विचाराल तर वाड्यापेक्षा किराणा दुकानांची ती सलग ओळ महत्त्वाची, लाकडी फळ्यांची दारं आणि पुढे सारखा ओटा असलेली. वाडा बंद असतो, ओळ रोज वापरात असते. विहीर, जुना कोंडवाडा, पाणपोई, पार, आणि दोन घरांमधून सांदवाडीकडे (घरामागच्या मोकळ्या जागेकडे) जाणारी बोळ, हेही यादीत येऊ द्या.

आता सावधगिरी. एका गावात आम्ही घराघरांवर खडूनं क्रमांक टाकले आणि मालकांशी चार दिवसांनी बोलू म्हटलं. तेवढ्यात गावात बातमी पसरली, "सरकार जुनी घरं ताब्यात घेणार." आठवड्याच्या आत एका मालकानं सागवानी खांबांची अख्खी छपरी उतरवली आणि लाकूड विकून टाकलं. चूक आमची होती. तेव्हापासून मी खडू खिशातच ठेवतो. आधी घरी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, दुरुस्तीत काय अडतं ते ऐकायचं, मग वहीत नोंद. मालकाच्या घरावरचा त्याचा हक्क या यादीनं जात नाही हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

सावधान : "वारसा" हा शब्द सुरुवातीला वापरू नका. लोकांना त्यात बंदी ऐकू येते. "चौकाची नोंदवही" म्हटलं तरी काम भागतं.

## टप्पा ४ : ठराव, आणि ठरावानं काय होत नाही

ग्रामसभेच्या वर्षात किमान चार बैठका व्हायच्या असतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू नका. चौकात संध्याकाळी बसायला जागा का नाही, बाजाराच्या दिवशी स्वच्छतागृहाचं काय, दारूच्या दुकानासमोरून शाळेची वाट का, हे प्रश्न तिथेच येतात. पुरुषांच्या सभेत ते कुणी काढत नाही.

ठराव आकड्यांत लिहा. "गावाचं गावपण जपण्यात यावं" असा ठराव कुणालाच बांधत नाही. असं लिहा: चौकातल्या रस्त्याची तयार पातळी नोंदवहीत दिलेल्या आकड्यापेक्षा वर जाणार नाही. पाराभोवती अमुक मीटर जागा कच्ची राहील. पोळ्याच्या मैदानावर पक्कं बांधकाम होणार नाही. ओटे तोडून रस्ता रुंद केला जाणार नाही. सोबत नकाशा आणि आकड्यांचा तक्ता जोडा, त्यावर सह्या घ्या. मग तेच काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढवा. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाच्या पैशाची आशा धरू नये. त्यातही बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. गटाराचं काम त्यातून बसतं, फरशीचं बसत नाही.

मजले किती आणि पुढची मोकळी जागा किती, हे मात्र ग्रामसभेच्या हातात नाही. ते एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० आणि तुमचा आराखडा ठरवतात. गावात मोठा ठराव झाला, टाळ्या पडल्या आणि सहा महिन्यांनी चौकात चार मजली इमारत परवानगीसह उभी राहिली, असं होतं ते यामुळेच. इथे रस्ते दोन आहेत. आराखडा प्रारूप अवस्थेत असेल तर जाहिरातीत दिलेल्या मुदतीत हरकत-सूचना दाखल करा, नकाशा आणि मोजमापासकट. आराखडा मंजूर झालेला असेल तर फेरबदलाची प्रक्रिया असते, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास योजनेसाठी आणि कलम २० खाली प्रादेशिक योजनेसाठी. वेळ लागतो. वारसा वास्तू व परिसरांची यादी करण्याची तरतूदही त्याच नियमावलीत आहे, नगर परिषदांनी ती वापरावी.

तपासा : विकास योजनेच्या नकाशावर तुमच्या मुख्य गल्लीला रुंदीकरणाची रेषा आहे का? असली तर ती गावठाणाच्या नकाशावर उतरवून घ्या. पुष्कळदा साडेचार मीटरच्या गल्लीवर नऊ मीटरची रेषा ओढलेली असते आणि नगरसेवकालाही ते माहीत नसतं. ही रेषा एका दिवसात काही पाडत नाही. ज्याचं घर नव्यानं बांधायला येईल त्याला मागे सरकवते. वीस वर्षांत चौकाची भिंत पडक्या दातांसारखी होते, दोन मागे, एक पुढे, तीन मागे. बाहेरून वाहनांना दुसरी वाट काढता येत असेल तर ही रेषा काढून टाकण्याची मागणी करा.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यात अकृषिक वापराला महसूल संहितेच्या कलम ४२-ड नं वाट मोकळी केली आहे. नवे गाळे, गोदाम, बँक, मंगल कार्यालय यांना तिकडे जागा दाखवा. चौकावरचा दाब आपोआप कमी होतो.

## टप्पा ५ : आधी पाणी, मग पाइप, मग रस्ता

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यात होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

सिमेंट रस्त्याची प्रत्येक योजना जुन्या रस्त्यावर नवा थर घालते. एकदा आमदार निधी, एकदा २५१५ (या लेखाशीर्षाचा राज्याचा ग्रामविकास निधी), एकदा दलित वस्ती सुधार. दर वेळी १५ सेंटिमीटर धरा. तीन योजनांत रस्ता जवळपास दीड फूट वर येतो. गुडघ्याएवढा ओटा पायरी होतो, पायरी गायब होते, आणि मग उंबरठ्यावरून पाणी आत. घरमालक काय करणार? तो दारात सिमेंटचा बांध घालतो, नंतर घर पाडून चार फूट उंच जोतं घेतो. आता शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरतं. ओट्यावर बसणारे म्हातारे उठून जातात, कारण ओटाच उरलेला नसतो. चौक पाडला कुणीच नाही, तो बुडाला.

उपाय साधा, पण एस्टिमेटमध्ये लिहावा लागतो. "जुना थर खोदून काढणे व वाहून नेणे" ही बाब दरासकट अंदाजपत्रकात हवी. ती नसेल तर पुढे जाऊ नका. ठेकेदार म्हणेल, जुना थर पाया म्हणून मजबूत आहे, कशाला खोदता? कनिष्ठ अभियंता म्हणेल, खर्च वाढतो. त्यांच्यापुढे दुसऱ्या टप्प्यातला तक्ता ठेवा. चौकातला सगळ्यात खालचा उंबरठा शोधा. रस्त्याची तयार पातळी त्याच्या किमान १५ सेंटिमीटर खाली, शक्य असेल तिथे ३० सेंटिमीटर खाली.

मग क्रम असा:

१. पावसाचं पाणी गावाबाहेर कुठे जातं ते ठरवा. नाला, बोडी, तलाव, शोषखड्डा, जे असेल ते. बाहेर जाण्याचं तोंड सापडल्याशिवाय आतली नाली खणू नका.

२. नालीचा उतार तोंडाकडून मागे मोजत या. उलट दिशेनं सुरुवात केली की शेवटी नाली आणि तोंड जुळत नाही.

३. नळाची पाइपलाइन, सांडपाणी, लागतील तिथे विजेच्या केबलसाठी रिकामे पाइप. रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप दोन-तीन जागी जास्तीचे टाकून ठेवा. जलजीवनच्या पाइपसाठी वर्षभरापूर्वीचा सिमेंट रस्ता चिरून काढलेला मी इतक्या गावांत पाहिला, की आता मोजत नाही.

४. पाइपांमध्ये पाणी सोडून बघा. गळती दिसली तर आत्ताच दुरुस्त करा.

५. भराव ओला करून, दाबून, थरांमध्ये.

६. मगच वरचा थर, पन्नासास एक इतका आडवा उतार, दारांपासून नालीकडे.

तपासा : बिल मंजूर करण्याआधी तीच पाण्याची नळी घेऊन पुन्हा सगळे उंबरठे मोजा. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-जाडी चढते, पातळी चढत नाही. ती तुम्हालाच बघायची आहे.

## टप्पा ६ : बाजार

नव्या बाजारओट्यांची कथा जिल्ह्यात जागोजागी सारखीच. निधी येतो, सिमेंटचे कंबरेइतके ओटे बांधले जातात, वर पत्रा. उद्घाटन होतं. पुढच्या बाजाराला भाजीवाल्या बाया परत रस्त्याच्या कडेलाच बसतात आणि ओट्यांवर कुणाचं तरी धान वाळतं. मग सगळे मिळून बायांना शिव्या देतात, "यांना शिस्तच नाही."

शिस्तीचा प्रश्नच नसतो. भाजीवाली खाली बसून विकते, तराजू मांडीजवळ असतो, गिऱ्हाईक वाकून निवडतं. कंबरेएवढ्या ओट्यावर तिला चढता-उतरता येत नाही आणि पोतं वर चढवायला दुसरा माणूस लागतो. पत्रा तापला की दुपारी खाली बसवत नाही. शिवाय ओळी ठेकेदारानं पाडलेल्या असतात. बाजाराची स्वतःची मांडणी असते, भाजी एका बाजूला, सुकी मासळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कपडा-भांडी रुंद जागेत. भिवापूर-कुहीकडे हंगामात मिरची पसरायला मोकळी जागाच लागते, तिथे ओटा आडवा येतो.

त्याऐवजी जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच, हलक्या उताराचे लांब चबुतरे करा. सावलीला कडुनिंब, करंज लावा, मोठी होईपर्यंत ताडपत्री. ताडपत्रीच्या बांबूंसाठी फरशीत दर तीन मीटरवर लोखंडी पाइपाचे टोपण असलेले खड्डे सोडा. ते नसले तर प्रत्येक बाजारी सब्बलीनं फरशी फुटते. कुठे कोण बसतं याचा नकाशा दोन बाजारांत बसून काढा आणि नवी आखणी त्यावरच बेतून विक्रेत्यांना दाखवा. बांधण्याआधी चुन्यानं आखून एक बाजार तसा भरवून बघणं सगळ्यात स्वस्त.

नगर परिषद, नगर पंचायतीत फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा लागू आहे, पथविक्रेता समितीला वगळून कुणाला हलवता येत नाही. ग्रामपंचायतीला रस्त्यावरची अतिक्रमणं काढण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं दिलेला आहे. पण चौकाचं काम पानठेले उचलण्यापासून सुरू करू नका. पहिल्याच आठवड्यात अर्धा गाव विरोधात जातो, आणि रात्री नऊनंतर चौकात उजेड आणि माणसं असतात ती त्या ठेल्यांमुळेच.

## टप्पा ७ : पार, झाडं, फरशी

पाराचा सिमेंटचा कट्टा थेट पिंपळाच्या बुंध्याला भिडवू नका, वरून टाइल्स तर नकोच. मुळांना पाणी आणि हवा लागते. बुंध्याभोवती सगळीकडून किमान एक मीटर, मोठ्या वडाला त्याहून बरीच जास्त जागा मातीचीच ठेवा. शहरी भागांत ५० वर्षांवरच्या झाडांना वृक्ष कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं वारसा वृक्षाचा दर्जा आहे. नगर परिषदांनी चौकातल्या झाडांची वयं नोंदवून घ्यावीत.

फरशी निवडताना पोळा आठवा. गुळगुळीत काँक्रीटवर बैलाचा खूर घसरतो. तोरणाखालची आणि रांगेची जागा मुरमाची ठेवा, दरवर्षी पावसाळ्याआधी एक ट्रॉली पसरवली की झालं. चालायच्या पट्ट्यात गट्टू चालेल, पण फिका, एकाच रंगाचा. लाल-पिवळी नक्षी दोन वर्षांत काळपट होते. दगड परवडत असेल तर जिल्ह्याच्या पश्चिमेला काळा पाषाण जवळ मिळतो. कामठीच्या नावानं भूशास्त्रात ओळखला जातो तो वालुकाश्म पूर्वेकडच्या जुन्या बांधकामांत दिसतो, तिथे दुरुस्तीला तसाच दगड शोधा.

हायमास्टबद्दल माझं मत सरळ आहे, नको. एक प्रखर दिवा चौक पांढराफटक करतो आणि गल्ल्यांच्या तोंडाशी काळोख जास्त वाटतो. चार-पाच मीटरचे सहा खांब बरे.

## टप्पा ८ : घरांचे दर्शनी भाग

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीत चढलेली ओल बाहेर पडत नाही, आतून माती भुगा होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. लोक म्हणतात भिंतच जुनी झाली. चुन्याचा गिलावा करा, एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. चुना वाळत नाही, हळूहळू पिकतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. एप्रिल-मेच्या झळांमध्ये केलेला चुना तडकतो, मग गवंडी म्हणतो चुन्यात दम नाही.

कवेलूचा प्रश्न खरा आहे. लोक टिना टाकतात ते हौसेनं नव्हे, माकडांपायी. टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटतात, आणि दरवर्षी कवेलू फेरणारा माणूस आता मिळत नाही. खाली टिना, त्यावर पट्ट्या ठोकून कवेलू, हा मधला मार्ग आहे. फुटले तरी घर गळत नाही, उन्हाळ्यात टिना थेट तापत नाही आणि वळचण जुन्या उंचीवर राहते. मालकाला सक्ती करू नका, चौकाकडच्या पहिल्या उताराचा खर्च लोकवर्गणीतून देता येतो का ते बघा.

दुकानांच्या पाट्या वळचणीच्या खाली, ६० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत, मजकूर मराठीत. घरांना एकच रंग फासू नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काय करायचं ते तुमच्या गावाचं राजकारण ठरवेल. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा १९९५ पासून आहे, पण मी आजवर पाहिलेला चालणारा उपाय एकच, ग्रामसभेनं फ्लेक्ससाठी चौकाबाहेर एक जागा ठरवायची आणि सरपंचाचा स्वतःचा फ्लेक्स पहिल्यांदा तिथे लागायचा.

## वेळापत्रक

जून ते सप्टेंबर खोदकाम नाही, फक्त बघणं आणि नोंदणं. पोळा झाला की मोजणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरोघर बोलणं आणि यादी. थंडीत चुन्याची कामं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव, फेब्रुवारीत अंदाजपत्रक. नाली आणि रस्ता पुढच्या हंगामात, नोव्हेंबर ते मे. म्हणजे दोन हंगाम लागतात. मार्चअखेरच्या घाईत निधी परत जाईल म्हणून सगळं एकदम काढायचा आग्रह होईल. तेव्हा फक्त नालीचं बाहेरचं तोंड आणि पाइप एवढंच काम त्या पैशात घ्या. ते कधीच वाया जात नाही.

काम संपल्यावर पहिल्या मोठ्या पावसात नोंदवही घेऊन पुन्हा चौकात उभे राहा. पाणी थांबलेल्या जागा खडूनं आखा. खडू आता चालेल. ठेकेदाराची अनामत रक्कम त्या जागा दुरुस्त होईपर्यंत सोडू नका.